बिरूचा कप्पा

बिरू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चहावाल्याला त्याच्याच वाट्याचा कप ठेवायला सांगत होते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात तो रोज उशिरा यायचा आणि मी रोज चिडायचे. त्या सकाळी वेरूळजवळच्या गावातून त्याचे वडील बोलले, "पोरी, बिरू झोपंतच गेला गं..."

वाळूजच्या एका कारखान्याची वेबसाइट आम्ही दोघं चालवायचो. शिफ्टची बस कुठं, किती वाजता थांबणार, ते कामगारांना साइटवर दिसतं. सुरुवातीला थांबे आणि वेळा थेट प्रोग्राममध्येच लिहिल्या होत्या. एक थांबा हलला की सगळा प्रोग्राम उसवायचा! एके दिवशी बिरू नाचतच आत आला. घरी पिढीजात मेंढरं, त्यामुळे त्याला सुचलंही तसंच. "ताई, कोकरांचा कप्पा आमी येगळा करतो. एका कोकरापायी सारा कळप कशाला उठवायचा? थांब्यांचा बी कप्पा येगळा करू!"

आणि प्रोग्रामबाहेरच्या, पण तो सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्यानं आमचा स्वतःचा विभाग आखला. थांब्याला नाव हवंच, वेळ हवीच, बसचा नंबर दिला नाही तर नेहमीचा धरायचा. यातलं काही चुकलं तर साइट सुरूच होणार नाही, असंही त्यानं प्रोग्रामला बजावून ठेवलं. मी कुरकुरले. तो म्हणाला, "अर्धवट म्हायतीवर माणूस रस्त्यावर उभा ऱ्हातो ताई. त्यापरीस साइट बंद बरी." त्या दुपारी जेवण विसरून आम्ही चाचणीच्या प्रतीत उगाचच थांबे हलवत बसलो. प्रोग्रामला हात न लावता बस हलत होती! काय आनंद झाला होता आम्हाला...

मागच्या आठवड्यात कारखान्यानं बायकांच्या शिफ्टसाठी नवा थांबा कळवला, दिव्याखालचा. उद्यापासूनच हवा. बिरूशिवाय पहिलाच बदल. चुकलं तर त्या बायका अंधारात जुन्याच जागी उभ्या राहणार. मी त्याचा कप्पा उघडला, थांबा घातला, साइट चालू केली. उठेचना! आणि पडद्यावर ओळ उमटली:

"ताई, थांबा लिवला. येळ कुठंय?"

प्रोग्रामसाठी ही ओळ बिरूनंच लिहून ठेवली होती; घाई कोण करणार, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं! मी इतक्या मोठ्यानं हसले की चहावाला डोकावला, आणि मग रडू आवरेना. वेळ भरली. साइट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बस दिव्याखाली थांबली.

आता हातात काम नसलं, की माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत मी एखाद्या थांब्याची वेळ मुद्दाम गाळते. तो लगेच ओरडतो.