दुसऱ्या हाकेला वळायचं

मंजूषाने आयुष्यात कुठल्याही वस्तूला सांगितलेला भाव दिला नाही. डीमन या डच गावात आमच्या इमारतीत राहायला आली, त्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये सवलतीचे स्टिकर संध्याकाळी कधी लावतात हे तिने मला समजावून सांगितलं. तिच्या कितीतरी वर्षं आधीपासून मी इथे राहत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. "सुचेता, तू या लोकांना आयतं गिऱ्हाईक सापडलीस," असं म्हणून ती खो खो हसली होती.

तिच्या वडलांचा पुण्यात तुळशीबागेत भांड्यांचा गाळा होता. शाळा सुटली की ती तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकं बघायची. घासाघीस कशी करायची हे आपण विकत घेताना शिकतो, ती विकणाऱ्याच्या शेजारी बसून शिकली. भाव पटला नाही की पाठ फिरवून चालू लागायचं. मग मागून हाक येते. पहिल्या हाकेला वळायचं नाही, कारण तेव्हा दुकानदार थोडाच उतरलेला असतो. दुसऱ्या हाकेला वळायचं. हा तिचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ होता, नऊ वर्षांच्या ईशानीलासुद्धा.

नवरा प्रसन्न झुइडास या ऑफिसांच्या भागात एका बँकेत आयटीत. ही डिपेंडंट म्हणून आलेली, दोन वर्षं घरात बसून कंटाळली आणि मग तिने सहली सुरू केल्या. त्याही कुठे, तर फिलिपिन्सला! तिथल्या नावाजलेल्या किनाऱ्यांवर नाही. दूरच्या प्रांतांतल्या लहान गावांत, जिथे साधी बस जाते, स्वयंपाकघर असलेलं होमस्टे मिळतं आणि कुकर सोबत नेला की वरणभातही होतो. शाळांना सुट्टी लागली की इथली चार-पाच मराठी कुटुंबं तिच्या भरवशावर निघायची. स्वतः ती तिकडे दोनदाच गेली होती. बाकी सगळा कारभार डीमनमधून, फोनवर. होडीवाला असो की जीपवाला, मंडळी फोन स्पीकरवर टाकायची आणि ही इथे सायकल हातात धरून तिथला भाव पाडायची.

लोक तिच्यावर खूश होते. मला मात्र त्या सहलींची भीती वाटायची, आणि ती मी बोलूनही दाखवायची. एवढ्या लांब, एवढ्या स्वस्तात, अनोळखी माणसाच्या होडीत लेकराबाळांसकट बसायचं म्हणजे काय? मंजूषा म्हणायची, "तू इथल्या कालव्याला पण घाबरतेस."

त्या जानेवारीत तिचे सासरे, श्यामकांत, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. सगळे त्यांना आबा म्हणत. थंडीने त्यांचे हाल झाले. दोन स्वेटर, मफलर, कानटोपी घालून कालव्याकाठी माझ्याबरोबर फिरायला यायचे. समोरून किंवा मागून जाणारा कुणी सवयीने "होई", म्हणजे इथलं हॅलो, म्हणाला, की आबा थांबायचे, पूर्ण वळायचे आणि हात जोडायचे. तो माणूस तोवर पुढे गेलेला असायचा. मी हसले की म्हणायचे, "अहो, कुणी बोलावलं आणि आपण तसंच चालत राहिलो, हे बरं दिसतं का?"

"आबा, तुम्हाला तुळशीबागेत एकटं सोडलं तर घर विकून याल," मंजूषा त्यांना चिडवायची. पण त्यांचे थंडीने काळे पडलेले ओठ बघून तिचा जीव तुटायचा. फेब्रुवारीच्या सुट्टीतल्या सहलीत तिने त्यांचं नाव घातलं ते त्यासाठीच. म्हाताऱ्याला जरा ऊन मिळू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

ती स्वतः जाऊ शकली नाही, कारण त्याच आठवड्यात तिची डच भाषेची परीक्षा होती. प्रसन्न, ईशानी आणि आबा बाकीच्या मंडळींबरोबर गेले. रोज फोटो यायचे. आबा अर्ध्या बाहीच्या शर्टात, आबा शहाळं पिताना. ते बघून मलाही माझी भीती उगाचची वाटायला लागली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तिला सोबत म्हणून ट्रामने निघाले होते. बाहेर बोचरं वारं सुटलं होतं. प्रसन्नचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार कलत होती. मंडळी किनाऱ्यावर उभी होती आणि समोरच्या लहान बेटावरून सूर्यास्त बघायचा बेत होता. बेट जवळच दिसत होतं. पण मागची नारळाची झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली होती आणि प्रसन्नचा शर्ट फडफडत होता.

होडीवाला नेस्तोर हा म्हातारा मंजूषाच्या ओळखीचा, म्हणजे फोनवरच्या ओळखीचा. तो पडद्यावर आला, हसला आणि म्हणाला, "टुडे नो, मॅम. टुमॉरो मॉर्निंग."

मंजूषाने फोनवर हात ठेवला. "बघितलंस? हसतोय. उद्या सकाळी म्हणजे आणखी एक रात्र त्याच्या मेव्हण्याच्या होमस्टेत. भाव वाढवतोय लबाड."

"अगं, मागचं पाणी बघ ना," मी म्हटलं.

पाणी करडं होतं. फार उंच लाटा नव्हत्या, पण सगळा पृष्ठभाग सारखा हलत होता. मंजूषाने तिकडे पाहिलंही नाही. ती नेस्तोरच्या चेहऱ्याकडे बघत होती, जसं वडलांच्या गाळ्यावर गिऱ्हाइकाकडे बघायची. तिने पैसे थोडे वाढवून पाहिले. नेस्तोरने हसूनच मान हलवली.

"प्रसन्न, चालायला लागा," ती म्हणाली. "पुढे दुसऱ्या होड्या आहेत. बोलावतो की नाही बघ."

मंडळी निघाली. फोन आता ईशानीच्या हातात होता. वाळू, चपला, आकाश, सगळं हलताना दिसत होतं. आणि मागून हाक आली. "सर! सर!"

मंजूषाचा चेहरा खुलला. "आली! वळू नका कुणी."

पण आबा थांबले होते. ते पूर्ण वळले आणि त्यांनी हात वर केला. दूरवर नेस्तोर उभा होता, आता हसत नव्हता.

"ईशानी, आबांना धर! वळू देऊ नकोस त्यांना."

"आबा, नो! आई सेज सेकंड टाइम," ईशानी खिदळली आणि तिने त्यांचा हात ओढला. आबा बिचारे नातीच्या मागे निघाले. चालता चालता एकदा त्यांनी मान मागे वळवली, ते मला दिसलं.

दुसरी हाक आलीच नाही. तो विकायला उभा असता, तर आली असती. मंजूषा जराशी नाराज झाली. पण पुढचा एक तरुण होडीवाला लगेच तयार झाला, तोही नेस्तोरच्या निम्म्या भावात. "बघ," ती मला म्हणाली, आणि केंद्र आल्यावर परीक्षेला आत गेली. फोन आत न्यायला परवानगी नव्हती, म्हणून तो माझ्याकडे दिला.

मी कॉफी घेऊन बसले. बराच वेळ फोन मुका होता. मी प्रसन्नला एक मेसेज केला, तो पोचलाच नाही. मंजूषा बाहेर आली तेव्हा पेपर सोपा गेला म्हणून खुशीत होती. माझ्या हातातून फोन घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. नंबर तिकडचा, अनोळखी. प्रसन्न कुणाच्या तरी फोनवरून बोलत होता.

परत येताना अंधार पडायच्या सुमाराला होडी उलटली होती. किनाऱ्यावरून नेस्तोर आणि आणखी दोघे त्यांच्या होड्या घेऊन धावले. त्यांनी ईशानीला काढलं, प्रसन्नला काढलं, एकेक करत सगळ्यांना काढलं. आबा सापडत नव्हते.

"ऊन मिळावं म्हणून पाठवलं होतं रे मी त्यांना," एवढं एकच वाक्य ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. प्रसन्न सांगतो, तेव्हा समुद्र अगदी शांत होता, लाट म्हणून नव्हती. नेस्तोरच त्यांना घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. प्रसन्नजवळ येऊन त्याने आबांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आय कॉल्ड. ही लुक्ड."

मंजूषाने सहली बंद केल्या. आता ती दुकानात सांगतील तो भाव देते, आणि ते बघताना मला रडू येतं. त्या हाकेबद्दल ती घरात एक अक्षर बोलली नाही. मुलगी लहान आहे, विसरेल, असं तिने आणि प्रसन्नने ठरवलं होतं.

मेमध्ये शाळेतून बाईंचा फोन आला. ईशानीला मागून हाक मारली तर ती वळत नाही, कान तपासून घ्या. डॉक्टरांनी तपासले, कान उत्तम होते. त्या संध्याकाळी आम्ही तिघी कालव्याकाठी फिरायला गेलो. ईशानी पुढे चालली होती. समोरून पाण्यावरची हवा येत होती. मंजूषा थांबली आणि तिने हाक मारली, "ईशानी!"

मुलगी तशीच चालत राहिली. तिचे खांदे तेवढे ताठ झाले. तिला ऐकू गेलं होतं.

"ईशानी!"

या वेळी ती लगेच वळली. धावत परत आली आणि आईकडे बघून म्हणाली, "सेकंड टाइम. बरोबर ना, आई? आय नेव्हर फरगेट." मग हळूच म्हणाली, "आबा फर्स्ट टाइमलाच वळले. आय टोल्ड हिम नॉट टू."

मंजूषा तिच्यासमोर रस्त्यातच गुडघ्यांवर बसली. मागून घंटा वाजवत एक सायकल आली, मी तिला वाट द्यायला बाजूला झाले. मंजूषाने लेकीचे दोन्ही हात धरले आणि तोंड उघडलं, पण किती वेळ झाला तरी तिला सुरुवात कुठून करायची ते सापडेना.