अंगठ्याचं नख

आमच्या भागात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. तिथं एकेका फुलाचं लग्न हातानं लावावं लागतं, आणि त्यासाठी लहान मुली हव्या असतात. मोठ्या बायांच्या बोटांनी कळी मोडते, असं प्लॉटवाला सांगायचा. खरं म्हणजे आमच्या कमरा दुखल्या तरी आम्ही तोंड उघडत नव्हतो, हे त्याला जास्त सोयीचं होतं.

मी पाचवीत होते. आमचं गाव अकोल्याहून एसटीनं तासाभरावर. हंगाम संपेपर्यंत आमच्या घरच्या दोघी येतील, असा शब्द आईनं पोळ्याच्या आधीच देऊन टाकला होता. एक ती, दुसरी मी. दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्या सोलायच्या. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी रुतवून गोल फिरवलं की पाकळ्या नि केसर टोपीसारखे निघून यायचे आणि मधला नाजूक दांडा तेवढा उरायचा. त्यावर लाल कागदाची खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दांड्यांवर शेजारच्या ओळीतली फुलं घासायची. म्हणजे शाळेची सकाळही गेली आणि दुपारही. फवारणीचा वास भाकरीलासुद्धा लागायचा.

या कामाला अंगठ्याचं नख वाढवावं लागतं. माझी लहान बहीण तेव्हा दुसरीत होती, रोज शाळेत जायची. तिला माझ्या नखाचा भारी हेवा. तिनंही वाढवलं. शाळेत तपासणीच्या वेळी ती अंगठा मुठीत लपवायची आणि घरी येऊन मला दाखवायची. मला हसू यायचं. कळी कशी सोलायची हे मीच तिला अंगणातल्या जास्वंदीवर शिकवलं.

एके दिवशी प्लॉटवाला दारात आला. "उद्या कंपनीची गाडी येऊन राहिली तपासाले. लेकरायले आणू नका, शाळेत बसवा."

असा एक दिवस शाळा माझ्या वाट्याला आली. परिपाठ झाल्यावर मॅडमनी सगळ्यांची नखं पाहिली. माझ्यापाशी त्या थांबल्या. पर्समधून नेलकटर काढलं, माझा हात मांडीवर घेतला आणि हळूहळू ते नख कापलं. "आता रोज येत जा," म्हणाल्या. इतक्या मायेनं माझा हात कुणी धरल्याचं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर माझ्या बोथट अंगठ्याखाली दांडे तुटायला लागले. प्लॉटवाल्यानं दोनच झाडं पाहिली आणि आईला म्हणाला, "इच्या हातून कळ्या मोडून राहिल्या, बाई. लहानीले आण इच्या जागी."

संध्याकाळी आईनं लहानीचा हात धरून पाहिला. "तुले जमन का वं?"

"मले येते! ताईनं शिकोलं मले!" ती नाचायलाच लागली.

"पंधरा दिवस तू जाय शाळेत," आई मला म्हणाली. "नख आलं का तू ये, अन् इले पाठवू."

पंधरा दिवसांत नख येतंच. मी ते येऊ दिलं नाही. बाकाखाली हात धरून दातानं कुरतडत राहिले, कधीकधी रक्त निघेपर्यंत. आई हात उलटासुलटा करून विचारायची, "काहून वाढून नाई राहिलं वं तुयं?" मी म्हणायची, "मले काय माईत." मला सगळं माहीत होतं. दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांची मला आजही चीड येते.

नवरात्रापर्यंत लहानीचं नाचणं बंद झालं. डोळे लाल, बोटं हिरवट काळी. जेवता जेवता ताटावरच झोपायची.

दिवाळीच्या आधी मॅडमनी मला बोलावलं. "तुझी बहीण किती दिवस येत नाहीये! आज शाळा सुटली की मी तुझ्या घरी येते. आईशी बोलते."

मॅडम आल्या असत्या तर लहानी शाळेत आली असती आणि तिच्या जागी मी गेले असते. आईनं दोघींचा शब्द दिला होता, एकीचा नाही.

"ती इथं नाई राहत आता, मॅडम," मी म्हणाले. "मामानं नेलं तिले धामणगावले. तिथंच शाळेत घातलं."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुसरीचा पट मागवला आणि माझ्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली. तेव्हा लहानी शाळेच्या मागच्याच शेतात होती.

मी शिकले, अमरावतीला नोकरीला लागले. ती गावातच राहिली. प्लॉट सुटले, तशी सोयाबीन कापायला, कापूस वेचायला जाऊ लागली. परवा माझ्याकडे आली होती. दवाखान्याचा कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि हसत म्हणाली, "हंगाम सरल्यावर गेली तं पटावर नावच नोतं मायं. शाळेनंच काढलं मले, नाई तं मीही वाचलं असतं."

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.