रुमालाखाली घेतलेली मोटार

मला पुण्याला जायचं नव्हतं. मोटारीची हकिगत तिथून सुरू होते, म्हणून आधी ते सांगते.

लढाईच्या आधीची चार-पाच वर्षं. आमचा दवाखाना इंदापुरात होता. माझ्या नवऱ्याला सारा गाव डॉक्टर म्हणे, आणि नाव घ्यायचा प्रश्न नको म्हणून घरात मीही डॉक्टरच म्हणे. बोलावणी लांबलांबून येत. टांगा जाईल तिथवर टांगा, पुढे बैलगाडी, तीही नसली तर घोडं. सकाळी निरवांगीकडे गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचा, आणि तोवर दवाखान्याच्या पायरीवर रोगी बसून कंटाळून उठून गेलेले असायचे. त्या हिवाळ्यात घोड्यावरून उतरताना डॉक्टरांची कंबर धरली. लोकांना औषध देणारा माणूस स्वतः तापल्या विटेने कंबर शेकत पडून राहिला.

थोरल्या दिरांचं पुण्यात औषधांचं दुकान होतं. ते भेटायला आले तेव्हा म्हणाले, दुकानामागे एक खोली मोकळी आहे, तिथे बसून रोगी तपास, आषाढाच्या आत काय ते ठरव. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मोटार मिळाली तर राहू. नाही मिळाली तर जावं लागेल." बोलणं बरोबर होतं. पण पुण्याला म्हणजे दिरांच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड, चाळीचा नळ आणि जावेच्या हाताखाली स्वयंपाक. इंदापुरात माझी स्वतंत्र चूल होती, परसात लिंबू, शेवगा, पेरू होते, घरची विहीर होती. जावेशी माझं कधी वाकडं आलं नव्हतं. ते पुढेही येऊ नये, असं मला वाटत होतं.

नवी मोटार आमच्या आवाक्याच्या बाहेरची. जुनी घ्यायची तर आमच्याजवळ सहाशे रुपये होते. त्यावर थोडे होते, पण ते परवान्याला, पेट्रोलला आणि घेतल्या घेतल्या जे काही मोडेल त्याला लागणार होते. शिमग्यानंतर कळलं की बारामतीत एका गुळाच्या अडत्याकडे मोटार विकायची आहे. हौसेने घेतलेली. शेटजींना तिच्यात बसलं की मळमळायचं, ड्रायव्हर कारखान्यात नोकरीला निघून गेला, तेव्हापासून मोटार अंगणात उभी होती.

आम्ही सर्व्हिस मोटारीने बारामतीला निघालो. ती भरल्याशिवाय हलत नसे आणि भरल्यावर आणखी चार माणसं घेत असे, म्हणून वाटेत समजवायला मला भरपूर वेळ मिळाला.

"गाडी चांगली आहे असं म्हणायचं नाही," मी म्हटलं.

"वाईट असली तर?"

"वाईट असली तर आपण परत येऊ. चांगली असली तरच गप्प राहायचंय."

डॉक्टर पुण्यात एका मित्राकडे मोटार चालवायला शिकले होते, परवानाही काढलेला होता. यंत्रातलं त्यांना कळत होतं. माणूस मात्र इतका सरळ की रोग्याने औषधाचे पैसे विचारले की हेच ओशाळायचे.

अडत्याचं दुकान पेठेत होतं. पुढे गुळाच्या ढेपांच्या थप्प्या, मागे राहतं घर, मध्ये अंगण. मोटार अंगणात. मी जाता जाता बॉनेटला हात लावून पाहिला. गार होता, म्हणजे आम्ही येण्याआधी कुणी चालू करून ठेवलेली नव्हती. हँडल मारल्यावर चौथ्या-पाचव्या फेऱ्याला सुरू झाली आणि धूर लवकर निवळला. टायर दोन बरे, दोन त्याहून कमी बरे. कापडी टप एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लेला. मागच्या गादीवर कोंबडीने अंडं घातलेलं होतं. डॉक्टरांनी वाकून खालून पाहिलं, उभे राहिले आणि सांगितल्याप्रमाणे काही बोलले नाहीत. पण चेहरा असा फुलला होता की बोलले असते तरी चाललं असतं.

मग शेटजी त्यांना पुढे दुकानात घेऊन गेले. बायकांनी पुढे जायची रीत नव्हती. मी आतल्या दारात उभी राहिले. तिथून गादी दिसत होती, आणि गादीच्या कडेला बसलेले दोन-तीन दलालही दिसत होते. शेटजींनी खांद्यावरचा रुमाल काढला, डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा हात धरला.

हे कसं विसरले मी, असं मला झालं. माझं माहेर पणदऱ्याचं. वडील ऊस करत, गूळ याच पेठेत आणत. पेठेत भाव कधी तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. सबंध पंजा म्हणजे पाच, त्याच्या वरचं पंजा सोडून पुन्हा बोटांनी, बोटाचं पेर मुडपलं तर अर्धा. आकडा दहाचा का शंभराचा ते मालावरून समजून घ्यायचं. नको असेल तर आपण आपला आकडा धरायचा. कबूल असेल तर समोरच्याचा हात तसाच दाबायचा. लहानपणी गुळाच्या गाडीवर बसून वडिलांनी हा सगळा पाढा माझ्या बोटांवर पक्का करून घेतला होता. डॉक्टर पुण्यात वाढलेले. त्यांच्याकडे भाजीवालीशीसुद्धा मोठ्याने बोलत.

एक क्षणच लागला. शेटजींनी मान वर केली, रुमाल उचलून झटकला आणि म्हणाले, "ठरलं."

दलालांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "डॉक्टरसायेब झटक्यात माणूस हाय."

डॉक्टर हसत हसत माझ्याकडे आले. "फार अगत्याने वागले," म्हणाले. "भावाचं मात्र अजून काही बोलले नाहीत."

"हातात काय झालं?"

"हात धरला त्यांनी. मग मीही धरला. सोडणं बरं दिसलं नसतं."

"कसा धरला?"

"अगं, धरला. आता कसा म्हणजे..."

मी त्यांना मोटारीच्या आडोशाला नेलं आणि माझा हात पुढे केला. "जसा धरला तसा धरा."

चारचौघांच्या अंगणात बायकोचा हात धरायचा म्हणजे त्यांना संकोच वाटला, पण रोग्याने कुठे दुखतं ते दाखवावं तसं त्यांनी दाखवलं. आधी सबंध पंजा. मग सोडून तीन बोटं. मग परत हात हातात, तेव्हा ह्यांनी दाबलेला.

"तुम्ही आठशेला मोटार घेतली," मी म्हटलं.

ते मडगार्डवर बसले. म्हणाले, "पुण्याला जाणंच बरं दिसतंय."

परत जाऊन 'चूक झाली' म्हणणं सोपं नव्हतं. रुमाल झटकला, चार माणसांनी ऐकलं. बारामतीच्या पेठेत हात दाबून मागे घेणाऱ्याला पुन्हा कुणी हात देत नाही, आणि त्याच्या सासरवाडीलाही ते ऐकून घ्यावं लागतं. माझ्या वडिलांचा गूळ अजून तिथेच येत होता. पण एक गोष्ट होती. रुमालाखालचा भाव फक्त दोघांना माहीत असतो. सौदा झाला एवढंच पेठेला कळलं होतं. आणि भाव माहीत असलेल्या दोघांपैकी एकाला तो माहीतच नव्हता.

मी मागे स्वयंपाकघराकडे गेले. शेटजींची बायको साधारण माझ्याच वयाची. वाड्याच्या पडवीत पाट मांडून शेवया करत होती आणि करून झालेल्या खाटेवर वाळत घालत होती. खाट अर्धी उन्हात, अर्धी सावलीत.

"अंगणात का नाही घालत?" मी विचारलं.

"अंगणात ती भवानी उभी हाय न्हवं," तिने हातातल्या पिठासकट मोटारीकडे बोट केलं. "दोन उन्हाळं झालं, कुरडया न्हाईत का पापड न्हाईत. कोंबडीला तेवडी सोय झाली."

मीही पणदऱ्याच्या बोलीवर आले आणि जे झालं ते सरळ सांगितलं. आमच्या ह्यांना रुमालातलं कळत न्हाय, शेटजींनी पंजा आन् तीन धरली, ह्यांनी पाहुण्याचा हात म्हणून दाबला.

ती इतकी हसली की शेवयांचा गोळा पाटावरून खाली गेला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "म्हंजी तुमच्याकडं दुःख, आन् आमच्याकडं बी दुःखच. आमचं हे आता आठ दिस जेवायचं न्हाईत."

"का बरं?"

"मागितलं तेवडं लगीच दाबलं न्हवं तुमच्या ह्यांनी? म्हंजी कमी मागितलं. आत्ताच पानी प्यायला आलं हुतं, तोंड बघायचं हुतं तुमी. 'पंजा आन् चार धराय पायजे हुती' म्हनून."

मी हात पुढे केला. तिने हात धुतले, पुसले, माझ्याजवळ सरकली आणि तिचा पदर दोघींच्या हातांवर टाकला.

"तुम्हाला येतं?" मी विचारलं.

"न येऊन कसं चालंल? दिवसभराचा भाव माझ्याच हातावर मोजत्यात. आमच्या घरात तोंडानं बोलायची सवयच न्हाय."

मी पंजा धरला. तिने पंजा आणि दोन धरली. मी पंजा आणि एक. तिने मान हलवली, पंजा आणि एक धरलं आणि पुढच्या बोटाचं पेर मुडपलं. साडेसहाशे. मी पुन्हा पंजा आणि एक धरलं आणि हात ढिला सोडला, म्हणजे यापुढे काही नाही. तिने मात्र माझा हात सोडला नाही.

"ह्या अर्ध्या बोटाचं तोंडानं सांगती," ती म्हणाली. "मोटार आली तवापास्नं आमचं हे म्हनत्यात, तुला मोरगावला गनपतीला न्हेतो. माझ्या दारात उभी असून बी मी अजून तिच्यात बसल्याली न्हाय. मला मोरगावला न्हेऊन आना. अर्धं बोट सोडलं."

"आणि जादाचं चाक?"

"चाक, हत्यारं, आन् अंडं घातलं तर ते बी तुमचं."

मी तिचा हात दाबला.

मग तिने दारातून शेटजींना हाक मारली. ते आत आले तसा तिने पदर त्यांच्या हातावर टाकला. शेटजी तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग मोटारीकडे, मग खाटेवरच्या शेवयांकडे. एकदा त्यांचा खांदा हलला, म्हणजे त्यांनी आपला आकडा धरून पाहिला. तिने काही सोडलं नसावं.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "म्हायेर ह्याच बाजूचं का तुमचं?"

"हो, पणदऱ्याचं."

"मग आदीच तुमी यायचं हुतं की बोलायला."

"तुम्ही हात दिला असता?"

"न्हाय," ते म्हणाले, आणि त्यांनाही हसू आलं. "चाक मात्र मी द्यायचो न्हाय असं म्हननार हुतो."

"म्हनायचं न्हाय," बायको म्हणाली.

पुढे दुकानात डॉक्टरांना दलालांनी घेरलं होतं. कितीला बसली, कितीला बसली, असं चाललं होतं. डॉक्टर खरं तेच सांगत होते, "मला खरंच माहीत नाही हो." त्याने त्यांचा मान फार वाढला. एवढं पोटात ठेवणारं गिऱ्हाईक पुण्याकडचं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पैसे मी आत मोजले. शेटजींनी बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "ठरलंय ते ठरलंय," आणि हँडल स्वतः मारून दिलं. त्यांच्या बायकोने मोटार फाटकातून बाहेर पडायच्या आधीच अंगण झाडायला घेतलं होतं.

इंदापूरपर्यंत आम्ही बैलगाड्यांच्या मागून आलो. भोंगा वाजवला तर बैल बुजतात म्हणून डॉक्टर वाजवत नव्हते, आणि वाजवला नाही तर गाडीवान हलत नव्हते. मला घाई नव्हती. कालव्याकडेच्या उसात पाणी सोडलेलं होतं, वारा गार येत होता. वाटेत एकदा रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागलं. घरी पोचलो तेव्हा कंबर दुखते असं ते म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात निरवांगीहून बोलावणं आलं. दुपारी गेले आणि दिवे लागायच्या सुमारास परत आले. तव्यावरची भाकरी ताटात पडली ती गरमच. बोलावण्याच्या दिवशी हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. जेवता जेवता डॉक्टर म्हणाले, दादांना सांगून टाकतो, दुसरा कुणी बघा. मी आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या महिन्यात मोरगावला गेलो. शेटजी मळमळेल म्हणून घरीच राहिले. त्यांची बायको पुढे डॉक्टरांच्या शेजारी बसली, कारण मागून काही दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पदर दातात धरून तिने सगळा रस्ता पाहिला. जिरायती मुलूख, ज्वारीची काढलेली रानं, शेरडं, बघण्यासारखं तसं काही नव्हतं. देवळाशी उतरल्यावर म्हणाली, "एवडं जवळ हुतं व्हय?"

आषाढ लागला तेव्हा आम्ही इंदापुरातच होतो. आता कुठे जायचं नव्हतं, म्हणून मी दुभती म्हैस घ्यायची ठरवली. बाजाराच्या दिवशी निघाले तेव्हा डॉक्टर चपला घालून दारात उभे.

"मी येऊ का बरोबर?"

"या," मी म्हटलं. "हात खिशात ठेवा."