सुलोचनाबाईंची घरातली चप्पल

लाखोळीची डाळ अर्धी निवडली होती, तेवढ्यात शेजारच्या सुलोचनाबाईंच्या दारात गाडी थांबली. सूप तसंच ठेवून मी गेले. भंडाऱ्याहून डॉक्टर आले होते, सोबत गुंजन नावाची इंजिनियर पोरगी.

सुलोचनाबाई एकट्याच राहतात. त्यांचे यजमान तुलारामभाऊ देवाघरी गेले, मुलगा वीरेंद्र पुण्याला कंपनीत. शुगरनं बाईंचे तळवे बधिर झालेत. अंगठ्याखाली जखम झाली तरी त्यांना पत्ता नव्हता. सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे डाग मी पाहिले तेव्हा कळलं. जखम भरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. त्यांनी आणि गुंजननं मिळून एक चप्पल बनवली होती. तळव्यावर कुठं किती भार पडतो, ते ती मोबाइलवर पाठवते. मग तेवढी जागा मऊ करायची.

पण जखम वाढत होती आणि चप्पल सांगत होती, बाई चालतच नाहीत. डॉक्टर म्हणत यंत्र चुकतंय, गुंजन म्हणे यंत्र बरोबर आहे. शेवटी दोघं एकाच गाडीतून घर पाहायला आले.

दाराशी गुंजननं सवयीनं सँडल काढली आणि थबकली. शेजारीच ती यंत्राची चप्पल होती, धुऊनपुसून ठेवलेली.

"आजी, ही कधी घालता?"

"गावाले जातानी. तुमच्या दवाखान्यात येतानी. घरात कायले घालू माय? देव आहे घरात."

डॉक्टरही तोवर अनवाणीच उभे होते.

मग घरासाठी वेगळी करायचं ठरलं, कापडाची, मोज्यासारखी, उंबऱ्याबाहेर न जाणारी. बाईंचं मन मानेना. मी म्हटलं, देवाच्या पादुका चालतात, तर ही कापडाची काहून नाही चालणार? "तुले मोठं शास्त्र समजते," त्या म्हणाल्या. "पाप लागलं तं तुया नावावर टाकीन."

काल दोघं पुन्हा आले. आता मोबाइलवर सगळं उमटलं होतं. चुलीपासून देवापर्यंत थोडं चालणं, आणि दुपारभर उंबऱ्यापर्यंत नि परत, उंबऱ्यापर्यंत नि परत. जखमेवर भार पडत होता तो त्यातच. दुपारी दाराशी काय काम असतं, डॉक्टरांनी विचारलं.

बाई पदराचं टोक चोळत राहिल्या. "काम काही नाही जी. कोणी आलं का, पाहून राहतो."

चपलेचा तळ आणखी मऊ करता येईल, डॉक्टर म्हणाले, पण या फेऱ्या थांबायला हव्यात; पाहायचंच असेल तर दारात खुर्ची टाकून, पाय वर घेऊन पाहा. खुर्ची मी माझ्या घरून आणली. गाडी गेल्यावर बाई तिच्यावर बसल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. हरिपाठाची वेळ होईस्तोवर मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले.

जखम भरायला लागली आहे, की अंगठा काढावाच लागेल, ते आता डॉक्टर पट्टी सोडून पाहतील. सोमवारी सकाळच्या एसटीनं सुलोचनाबाईंना भंडाऱ्याला दवाखान्यात जायचं आहे.