उद्यमबागेतली डोलकाठी

सकाळचे साडेआठ. बेळगाव, उद्यमबाग. बाबूआप्पांनी आपल्या वर्कशॉपच्या गेटचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडलं आणि ते दारातच थांबले. मागे दिनकरअण्णा, त्यांच्या पत्नी मालिनीवहिनी आणि मी. आम्हीही थांबलो.

का थांबलो, ते शेवटी. बातमी छापली की संपते. ज्याला कुणी उत्तर देत नाही, ते किस्सा होऊन वार्ताहराच्या खिशात साचत राहतं. माझे खिसे एका डोलकाठीने भरले!

दिनकरअण्णा टिळकवाडीतले. जहाजावर इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गोव्यात एक जुनी शिडाची होडी घेतली. वहिनींना बसवून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण गाठायचं, एवढाच बेत. पण मागचे हंगाम डोळ्यांच्या ऑपरेशनांत गेले. "यंदा न्हाय, तर मग न्हायच," अण्णा म्हणायचे.

* * *

पावसाळा सरला, होडी पाण्यात सोडताना क्रेनचा हूक डोलकाठीला बसला. चाळीस फुटी ॲल्युमिनियमची काठी धनुष्यासारखी वाकली. अण्णा समोर उभे, वहिनी समोर उभ्या!

क्रेनवाला म्हणाला, "काठी आधीच वाकडी होती. मी फक्त दाखवून दिली."

* * *

काठी लॉरीला बांधून घाटातून बेळगावला आली. बाबूआप्पा अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी काठीवरून हात फिरवला आणि पहिलीच अट घातली.

"एकदा सरळ करून देतो. त्याच जाग्यावर परत वाकली तर माझ्याकडं आणू नको. तडकणार. मग भंगारातच!"

लाकडी ठोकळे, जॅक आणि टोकापासून टोकापर्यंत ताणलेला दोरा. जॅकला जरासा पीळ द्यायचा की दोऱ्याकडे बघायचं. मी विचारलं, "तापवून लवकर नाही का होणार?"

"तापवायची ती बातमी तापवा तुम्ही! हिला तापवली तर मऊ पडंल!"

* * *

मग संशयी लोकांची रांग लागली. पहिला आला रस्त्यावरच्या दिव्यांचा एक ठेकेदार. काठीभोवती चक्कर मारून म्हणाला, "आमचा एक खांब गायब हाय."

आप्पांनी विचारलं, "कधीपास्नं?"

"हा बघितल्यापास्नं!"

* * *

नोव्हेंबरची पहिली तारीख जवळ आली की आमच्या गावात काठीकडे काठी म्हणून कुणी बघत नाही. त्या दिवशी कन्नड बाजूचा राज्योत्सव, मराठी बाजूचा काळा दिवस. झेंडे दोघांचेही. साहजिकच साध्या कपड्यातला एक हवालदार आला.

"झेंडा कुठला लावणार?"

"झेंडा न्हवं साहेब, शीड," अण्णा म्हणाले.

"रंग?"

"पांढरा."

पांढरा रंग त्याच्या हिशेबात कुठल्याच बाजूला बसेना. शेवटी बाजूला जाऊन त्याने फोन लावला. "सर, तिसरी पार्टी दिसतीय!"

तेव्हापासून तो रोज समोरच्या सुंदराआक्काच्या टपरीवर येऊन बसू लागला.

* * *

एके दिवशी सुंदराआक्का हळदकुंकू घेऊन आली आणि काठीला लावून हात जोडून उभी राहिली. अण्णा हसले. "आक्का, ही जोतिबाची सासनकाठी न्हवं गं. होडीची हाय."

"असू दे की. मी नवस बोललो पण."

"कसला?"

"ही काठी लवकर समुद्राला जाऊ दे म्हणून. तो तुमचा पोलीस माझ्या बाकड्यावरनं हलंना झालाय, आणि चहा फुकट!"

* * *

एकतीस तारखेला दोरा काठीला तंतोतंत लागला. अण्णांनी एक डोळा मिटून खालून वर बघितलं. मग आप्पांचा हात धरला. वहिनींनी घरी जाऊन बॅग भरली. पहिली तारीख सुट्टीची. लॉरी दोन तारखेच्या सकाळी सांगितली.

आणि दोन तारखेला आम्ही गेटात थांबलो.

काठी ठोकळ्यांवर नव्हती. आवाराच्या मधोमध आडवी पडली होती. त्याच जागी वाकलेली, आणि तिथे केसाएवढी तड. वरच्या टोकाच्या कप्पीतून नवीकोरी दोरी ओवलेली. अण्णांनी ती हातात घेतली. "ही गाठ माझी न्हवं."

जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या. घडी केलेला झेंडा वर जाऊन उलगडला की पडतात, तशा. झेंडा मात्र कुठेच नव्हता.

मी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना गाठलं. आयुष्यात कशावर एकमत न झालेले हे लोक शब्दाला शब्द तेच बोलले. "आमचा न्हवं. त्यांचा असंल."

हवालदार म्हणाला, "काल आमचा बंदोबस्त चौकात होता."

"आणि इतके दिवस इथं काय राखत होतास?" मी ओरडलो. त्याने माझं नाव आणि पेपरचं नाव लिहून घेतलं!

वहिनी पाकळ्यांकडे बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "झेंडा कुणाचा ते विचारताय सगळे. काठी कुणाची होती, ते एकाला तरी आठवायचं होतं."

होडी अजून गोव्यात उभी आहे, डोलकाठीशिवाय. वाकडी काठी आप्पांच्या आवारात आहे.

ती काठी उभी करायला निदान चार माणसं लागतात. कुंपण पुरुषभर उंच, वर काटेरी तार, आणि तारेला कुठे चिंधीही अडकलेली नव्हती. गेटाची किल्ली एकच, बाबूआप्पांच्या करगोट्याला.

आणि कुलूप तुटलेलं नव्हतं.