भित्र्या मार्कसचं भूत

मनोरीच्या एथेलला भुताची भीती कधी वाटली नाही. राग मात्र यायचा. तोंडाला हिरवा रंग फासलेलं, केस पुढे घेतलेलं भूत पडद्यावर उगाच किंचाळायला लागलं की ती म्हणायची, "हिला काम काय? नुसती बोंबलते." भुताच्या पिक्चरबद्दल तिची मतं पक्की होती. भुताला काहीतरी गाऱ्हाणं पाहिजे. घर आधी कुरकुरलं पाहिजे, भूत मागाहून. आणि शेवटी कोणी मांत्रिक येऊन चुटकीसरशी सगळं निस्तरून गेला, तर तो पिक्चर तिच्या लेखी फुकट. तिचे लाडके पिक्चर तीन. एकात नवरी मेल्यावरही विहिरीवर येत राहते, कारण सासूने सांगितलेला हंडा भरायचा राहिलेला असतो. दुसऱ्यात बंद बंगल्यातल्या टेबलावर कोणीतरी रोज दोन ताटं मांडून ठेवतं. तिसरा इंग्रजी, त्यात भूत दिसतच नाही, फक्त जिन्यावर पावलं वाजतात. "तो सगळ्यात भारी," हे ती गावात कोणालाही, न विचारता, सांगायची.

हे सगळे पिक्चर तिने मार्कसबरोबर पाहिले. मार्कस तिचा नवरा, मार्वे-मनोरीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. भर पावसात खाडी उसळली तरी गड्याच्या कपाळाला आठी पडायची नाही. पण घरात भाड्याचा व्हीसीआर आला की हाच मार्कस टॉवेल घेऊन बसायचा. पडद्यावर दार करकरलं रे करकरलं, टॉवेल डोक्यावरून खाली. आतून विचारायचा, "गेलं का?" एथेल म्हणायची, "गेलं, गेलं." तो बिचारा विश्वासाने टॉवेल काढायचा आणि भूत नेमकं समोर! मग असा ओरडायचा की शेजारच्या कोंबड्या बिथरायच्या. एवढ्या वर्षांत एथेलने त्याला एकदाही खरं सांगितलं नाही, आणि त्याने विचारायचं सोडलं नाही. वर पुढच्या आठवड्यात व्हीसीआर आणायला तोच बोटीने पलीकडे जायचा.

मग एका पावसाळ्यात तो झोपेतच गेला. मागे धड फोटो एकच राहिला. ब्रिजेटच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी कोट शिवला होता, तो घालून मालाडच्या स्टुडिओत काढलेला. आदल्याच दिवशी नवी कवळी बसवली होती आणि ती निसटेल म्हणून मार्कसने ओठ घट्ट मिटून घेतले होते. त्यामुळे जन्मात कोणावर हात न उगारलेला माणूस फोटोत आता कोणाला तरी मारणार असा दिसायचा. एथेलने तो फोटो हॉलमध्ये देव्हाऱ्याखाली लावला. येता-जाता ती त्याला चिडवायची, "कवळी काढ आणि हस जरा."

गेल्या वर्षी अंधेरीहून पिक्चरवाले आले. त्यांना जुनं कौलारू घर हवं होतं, पिक्चर भुताचा. एथेलला आभाळ ठेंगणं झालं. घर सजवणारा देवव्रत नावाचा पोरगा भला होता. त्याने देव्हारा दोन्ही हातांनी उतरवून आतल्या खोलीत नीट ठेवला. मग भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो टांगला. एथेलने तो बघितला आणि तिच्यातला परीक्षक जागा झाला.

"हा कोण? तेलाच्या जाहिरातीतला?" ती म्हणाली. "याला बघून मांजर तरी घाबरेल का रे?" आणि आपल्या हाताने मार्कसला आणून खिळ्याला लावलं. "हा लाव. आयुष्यभर भुताचे पिक्चर बघितले, आता एकात दिसू दे त्याला."

"आंटी, नक्की ना? फोटो खूप जवळून घेणार आम्ही."

"घे ना रे. खूश होईल तो."

देवव्रतने कागदावर सही घेतली. प्रत्येक पिक्चरमध्ये भुताचं गाऱ्हाणं काय म्हणून खोदून विचारणाऱ्या या बाईने, आपल्याच घरातल्या पिक्चरची गोष्ट काय, एवढं मात्र विचारलं नाही.

पिक्चर आला त्या रविवारी ब्रिजेट बोरिवलीहून नवऱ्याला आणि लेकीला, एलेनाला, घेऊन आली. एलेना सात वर्षांची. आजोबा गेल्यानंतरची, त्यामुळे तिच्यासाठी आजोबा म्हणजे भिंतीवरचा तो फोटो. तिला अंगणात खेळायला पाठवून मोठी माणसं टीव्हीसमोर बसली. घर दिसलं, टाळ्या झाल्या. मग गोष्ट पुढे सरकली. घराच्या मालकाने बायकोला विहिरीत ढकललेलं असतं आणि आता तो फोटोतून बाहेर येतो. मार्कसचा चेहरा पडदाभर झाला. डोळे लाल केलेले, मिटलेले ओठ हळूहळू उघडणारे. त्याच वेळी एलेना पाणी प्यायला आत आली. तिने आधी टीव्ही बघितला, मग भिंत बघितली. दोन्हीकडे तोच.

करायला गेलो गणपती, झाला मारुती, म्हणतात ते असं. पोर जी ओरडली ती बोटीत बसेपर्यंत थांबली नाही. त्यानंतर मनोरीचं नाव काढलं की तिला ताप भरायचा. ब्रिजेट फोनवर म्हणाली, "ममा, तो फोटो काढ ना भिंतीवरून." एथेल म्हणाली, "तुझा बाप आहे तो." दोघींनीही फोन ठेवला.

त्यात पिक्चर चालला. सुट्टीला येणारी पोरंपोरी फाटकाशी थांबू लागली. एकाने विचारलं, "आंटी, बायकोला मारणारा म्हातारा इथलाच ना?"

"मीच त्याची बायको," एथेल म्हणाली. "मला कुठे मारलंय?"

ती पोरं पोट धरधरून हसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहून सेल्फी काढून गेली. एथेलने देवव्रतला फोन लावला. तो मनापासून हळहळला, पण म्हणाला, "आंटी, आता काय करणार? लोकांना तोच सीन सगळ्यात आवडलाय."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी म्हण आहे. इथे तर बायकोनेच भित्याचा ब्रह्मराक्षस करून टाकला होता. एथेलला जेवण जाईना. लोक काय, चार दिवस बोलतील. पण एलेना? तिने मार्कसचा आवाज ऐकला नव्हता, त्याच्या मांडीवर बसली नव्हती. तिच्यापुरता तो आता कायमचा तसाच राहणार, लाल डोळ्यांचा. आणि तसा त्याला कोणी केला? हा विचार आला की एथेलला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ब्रिजेटला यावंच लागलं. कबर साफ करायची, फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या. एलेनाला घरी कोणाकडे ठेवणार? ती आली, पण कबरीकडे पाठ करून उभी राहिली आणि घरी आल्यावर बाहेरच्या ओट्यावरच बसली. जेवायलाही आत येईना. ब्रिजेट चिडली, मग रडली, मग आत जाऊन पडली.

एथेल ताट घेऊन ओट्यावर आली. एक घास पोरीच्या तोंडात, एक स्वतःच्या, असं चाललं. मग ती सहज म्हणाली, "तुझा ग्रँडपा भुताला जाम घाबरायचा, माहितेय?"

एलेना चावायची थांबली. "खोटं."

"आईशप्पथ. टॉवेल घेऊन बसायचा. आतून विचारायचा, गेलं का?"

"मग तोंड असं का केलंय त्याने?"

"नवी कवळी. हसला असता तर दात फोटोवाल्याच्या अंगावर पडले असते."

एलेनाला हसू आलं, पण तिने ते परतवलं. मग म्हणाली, "नॅना, तो एवढा घाबरायचा ना?"

"हो गं."

"मग तू त्याला त्या पिक्चरमध्ये एकटं का पाठवलंस?"

एथेलच्या हातातला घास तसाच राहिला. लोकांनी तिला नाही नाही ते विचारलं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही. तिला खूप वाईट वाटलं, एवढं की मार्कस गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तिचा काही दोष तरी नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मग आता बसू या त्याच्याबरोबर."

ब्रिजेट आतून ओरडली, "ममा, डोकं फिरलंय का दोघींचं?" पण तोवर एलेनाने उंबरा ओलांडला होता. एथेलने मार्कसला भिंतीवरून उतरवलं, फ्रेम पुसली आणि सोफ्यावर दोघींच्या मध्ये उभी करून ठेवली. कपाटातून निळ्या चौकड्यांचा टॉवेल काढून दिला. एलेनाने तो मांडीवर घेतला. फोटोकडे ती अजून सरळ बघत नव्हती, पण एका बोटाने फ्रेमची कड धरली होती. ब्रिजेट दारात येऊन उभी राहिली.

एथेलने तोच पिक्चर लावला. टीव्हीवर घर दिसलं. दार करकरलं. एलेनाने चटकन टॉवेल फ्रेमवर टाकला, नीट, डोळ्यांवरून खालपर्यंत, आणि स्वतःचं तोंडही त्याच टॉवेलात खुपसलं. पडद्यावर मार्कसचा चेहरा मोठा होत गेला. डोळे लाल झाले. ओठ उघडायला लागले.

"नॅना," टॉवेलातून आवाज आला, "ग्रँडपा विचारतोय, गेलं का?"

सवयीने एथेलच्या जिभेवर तेच जुनं उत्तर आलं. तिने ते गिळलं.

"नाही गं," ती म्हणाली. "अजून आहे. टॉवेल धरून ठेव."