पांढऱ्या ब्लाउजची डावी बाही

आधीच सांगून टाकते, आमच्या घरात शकुन-अपशकुन, भानामती, अंगात येणं यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा उचलून बाहेर ठेवला. 'मांजर आडवं गेलं' एवढं कोणी नुसतं म्हटलं तरी वडील त्याला जेवता जेवता झापायचे. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये... लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं.

नंदनवन वस्तीत घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मापं, कटिंग आणि शिलाई माझी. हुक आणि तुरपाई शोभाबाईंची. त्या आमच्याच गल्लीतल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, आणि तोंडाला कुलूप नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. मी वेळ घालवणारी बाई नाही. त्याच आठवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, विचारलं, "दुखतं का?" म्हटलं, हो, दुखतं. "मग काळजी नको. कॅन्सरची गाठ दुखत नाही." तरी मॅमोग्राफी केली. फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "या वयात होतं. हार्मोन्स. चहा कमी करा. वर्षभर इकडे फिरकायची गरज नाही." मी त्यांना धन्यवाद देऊन आले. हे धन्यवाद मला अजून टोचतात.

मन हलकं झालं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी स्वतःसाठी कापड काढलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना पांढरी साडी, आणि त्यावर दरवर्षी नवं पांढरं ब्लाउज. एवढी एकच हौस मी स्वतःची करते.

आता ब्लाउज कसं कापतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही कापड उलगडून कापत नाही. दुहेरी घडी घालायची, वर खडूनं एका बाजूची आखणी करायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. डावा भाग आणि उजवा भाग एकाच कात्रीच्या फटक्यात निघतात. बाह्यांचंही तेच. चुकलं तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. एक बाजू वेगळी निघूच शकत नाही.

मी तसंच कापलं. पंचवीस वर्षं तसंच कापते आहे. शिवताना डोकं दुसरीकडेच होतं, दिवाळीच्या ऑर्डरी डोळ्यांसमोर होत्या. संध्याकाळी घालून आरशासमोर उभी राहिले, तर उजवी बाजू बरोबर आणि डावी सपाट! छातीच्या कटोरीला फुगवटाच नाही, सरळ पट्टी. हुक लागेनात. आणि डावी बाही मात्र ढगळ, उजवीपेक्षा चांगली दोन बोटं सैल.

शोभाबाई हसून हसून खाली बसल्या. "काय वं हे! एका बाजूनं बाई, एका बाजूनं पोट्टा? अन् ही बाही कोन्या पैलवानाची?"

"हसू नका. कापताना चुकलं."

"चुकलं कसं? एकेक बाजू कापून राहिली होती का?"

"नाही हो, दुहेरीच कापलं."

"मंग?"

मी टेबलाखालची कात्रणं उचलून पाहिली. पुढच्या भागाची कात्रणं जोडीनं निघायला हवी होती. तशी ती नव्हती. डाव्या बाजूचं कात्रण वेगळ्या आकाराचं, त्यावर वेगळी खडूची रेघ, आणि रेघ माझ्याच हातची. रेघ सुरू करताना मी ती थोडी खाली वळवते, ती सवयसुद्धा त्यात होती.

"थकली तू," शोभाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं चहा बंद केला न, त्यानंच डोकं फिरलं."

मला ते पटलं. ब्लाउज चिंध्यांच्या पिशवीत टाकलं आणि रागारागानं दुसरं कापलं. ते व्यवस्थित निघालं. तेच घालून दीक्षाभूमीवर गेले.

वर्षभर फिरकायचं नव्हतं, म्हणून फिरकले नाही. उन्हाळ्यात गाठ डोळ्यांनी दिसायला लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या बाईंनी जुनी फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली आणि पेनाचं टोक एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "हे तेव्हाही होतं."

तेव्हाच सापडलं असतं तर बहुधा नुसती गाठ काढून भागलं असतं, हेही त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. आता डावा स्तन पूर्ण काढावा लागला, आणि रोग काखेपर्यंत गेला होता म्हणून काखेतल्या ग्रंथीही. मग किमो. केस गेले ते परत आले. हात मात्र परत आला नाही. काखेतलं काढलं की हातातलं पाणी वर चढत नाही, हात सुजतो. डाव्या हातानं मी कापड सुईखाली सरकवते. आता तासभर शिवलं की तो हात उशीवर टेकवून बसायचं. ऑर्डरी निम्म्या झाल्या.

मधल्या काळात पहिल्या डॉक्टरांकडे जुनी आणि नवी अशा दोन्ही फिल्म घेऊन गेले होते. त्यांनी पाणी मागवलं. "कधीकधी दिसत नाही हो. तुम्ही मध्ये एकदा दाखवायला यायला हवं होतं."

"तुम्हीच म्हणाला होतात, वर्षभर फिरकू नका."

"मी सगळ्यांना जनरल सांगतो."

जनरल!

ऑपरेशननंतर घालायला ब्लाउज नव्हतं. जुनी सगळी डाव्या बाजूला लोंबायची, आणि बाही सुजलेल्या दंडावर चढायची नाही. मी गाऊनवरच दुकानात बसायचे. एक दिवस शोभाबाईंनी ते पांढरं ब्लाउज आणून टेबलावर ठेवलं. हुक काढून घ्यायला म्हणून त्यांनी चिंध्यांतून उचललं होतं, आणि हुक काढायचे राहून गेले होते.

"घालून पाय बरं," एवढंच म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत.

घातलं. डावी बाजू छातीवर अशी बसली, जशी टाक्यांवरून टेप फिरवून कापली असावी. सुजलेला दंड बाहीत सहज गेला. ना घट्ट, ना सैल. शोभाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी हुक लावले आणि मशीनवर बसले. दुसरं करणार काय?

माझी मुलगी सुजाता सायकॉलॉजी शिकते. ती म्हणते, "आई, तुझ्या मनाला आतून कळलं होतं. हातांनी तसं कापलं." मान्य. घाबरलेलं मन छातीचं समजून गेलं, धरून चालू. पण बाहीचं काय? हात सुजतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. आणि हात सुजला तो उशीर झाला म्हणून. सुजाताला हे म्हटलं की ती म्हणते, "ते मला नाही सांगता येत." पोरगी प्रामाणिक आहे.

ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला इशारा होता तो." मला राग आला. इशारा असा देतात? सांगायचंच होतं तर त्या डॉक्टरला सांगायचं, फिल्म त्याच्या हातात होती. ते ब्लाउज मला वाचवायला आलं नव्हतं. गिऱ्हाईक येण्याआधी ऑर्डर तयार असावी, तसं नुसतं तयार होतं.

अजून एक... त्यानंतर मी स्वतःचं माप नीट घेऊन, डावं-उजवं मुद्दाम वेगळं आखून आणखी दोन ब्लाउजं शिवली. एकही धड बसत नाही. बसतं ते तेवढंच एक.

आता ते काखेत विरलं आहे. इतवारीच्या बाजारातून नवं पांढरं कापड आणलं, त्याला महिना झाला. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, उजव्या बाजूचीही. शोभाबाई रोज टोचतात, "काहून ठेवलं वं तसंच? काप न!"

कापलं, आणि या वेळी उजवी बाजूही सपाट निघाली तर?

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडे त्यांच्या चुकीचं होतं, आणि ते सांगायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. आमच्या घरात शकुनांवर विश्वास नाही. कापड मात्र अजून घडीतच आहे.